वानछिंगच्या बाळंतपणाच्या कोंबड्या

लग्नाच्या जेवणात बोलायचं नसतं, खायचं असतं, हे क्वांग मास्तरांना त्यांच्या बायकोने, शूचनने, घरातून निघतानाच बजावलं होतं. पण नवव्या पदार्थाला काळ्या कोंबडीचं सूप आलं आणि घात झाला. विहीणबाई तान यांनी पळीने सुपातून कोंबडीचा पाय वर काढला, त्याची बोटं मोजली आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या की हल्ली ताइहे गावातसुद्धा खरी रेशमी कोंबडी उरलेली नाही, ही चार बोटांची कसलीतरी भेसळ आहे. ताइहेच्या माणसाला असं सांगणं म्हणजे भर मांडवात त्याच्या कुळाचा उद्धार करणं. मास्तर पेला घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या मुलीच्या बाळंतपणात सुपाला ज्या कोंबड्या येतील त्या माझ्या हातच्या असतील. अंड्यापासून."

लाल पोशाखातली नवरी वानछिंग खालमानेने एवढंच म्हणाली, "बाबा, खाली बसा."

दोन वर्षांनी तिचा फोन आला. तिला दिवस जाऊन तीन महिने पूर्ण झाले होते. त्याआधी सांगायची पद्धत नाही. आनंदाचं सगळं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आणि बाबा, कोंबड्या आम्ही इथल्याच, जीआन शहराच्या बाजारातून आणू. तुम्ही उगाच काही सुरू करू नका."

हे मास्तरांना लागलं. त्यांनी आयुष्यात पुष्कळ गोष्टी सुरू केल्या होत्या हे खरं. पुस्तकांसाठी त्यांनी बांबूचं कपाट केलं होतं, त्याला तीन बाजू होत्या. तालुक्यातल्या गावांच्या नावांचा कोश लिहायला घेतला होता, तो एक्केचाळिसाव्या गावाच्या वेशीवर थांबला होता. दोन तारांचं एक वाद्य आणलं होतं, त्यातली एक तार त्यांना बऱ्यापैकी वाजवता येत असे. भूगोल मात्र त्यांनी चौतीस वर्षं शिकवला होता, पण मुलगी तो यादीत धरायला तयार नव्हती. म्हणायची, तो शाळेच्या घंटेने पूर्ण केला, तुम्ही नाही. आपलं एक काम तरी आपल्या मुलीने शेवटापर्यंत गेलेलं पाहावं, ही इच्छा माणसाला कधी होईल सांगता येत नाही. मास्तरांना ती बासष्टाव्या वर्षी झाली, आणि फार जोरात झाली.

त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर हिशेब मांडला. बाळ यायला सहा महिने. अंडं उबायला एकवीस दिवस. कोंबडी सुपाला लायक व्हायला निदान साडेचार महिने. म्हणजे बसत होतं, अगदी काठोकाठ बसत होतं, फक्त कोंबड्यांनी साथ द्यायला हवी होती. दुसऱ्याच दिवशी मास्तर नदीपलीकडच्या एका खेड्यातून दोन कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊन आले आणि शिक्षक वसाहतीच्या गच्चीवर, कपडे वाळत घालायच्या सामायिक दोऱ्यांच्या मागे, त्यांनी खुराडं बांधलं. त्याला चारही बाजू होत्या. शूचनने तीनतीनदा मोजून पाहिल्या.

या कोंबड्या बाहेरून सशासारख्या पांढऱ्या लोकरीच्या आणि आतून कातडी, मांस, हाडं, सगळं काळं. डोक्यावर केसांचा टोप, कानाला निळसर झाक, हनुवटीला दाढी, पायांना पायमोजे आणि पाचपाच बोटं. अशी दहा लक्षणं जुळली की कोंबडी खरी. मास्तरांनी दहाही ताडून घेतली होती. कोंबड्याला दिसतं की नाही, हे लक्षण यादीत नव्हतं, म्हणून ते तपासायचं राहून गेलं.

दोन्ही कोंबड्या सोळा अंड्यांवर अशा बसल्या की उठायचं नाव नाही. या जातीला खुडूक व्हायचा भारी सोस. सातव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे पंग काका विजेरी घेऊन आले. पंग काकांनी काढ्यांच्या दुकानात पुड्या बांधण्यात जन्म घालवला होता आणि त्या भांडवलावर ते वसाहतीचे वैद्य होते. अंड्यामागे विजेरी धरून त्यांनी सोळाच्या सोळा अंड्यांत जीव पाहिला, दोहोंत तर त्यांना चोचही दिसली. मास्तरांना काहीच दिसत नव्हतं, पण वैद्याशी वाद कोण घालणार. एकविसाव्या दिवशी काही झालं नाही. पंचविसाव्या दिवशी वासावरून सगळ्यांना कळलं.

कारण शोधलं ते शेजारच्या झू आजींनी, आणि तेही मुळ्याच्या फोडी वाळत घालता घालता. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या कोंबड्याला बायका दिसतच नाहीत. मघापासून तो माझ्या परातीभोवती नाचतोय."

खरंच त्या जिवाच्या डोळ्यांवर केसांचा एवढा टोप आला होता की त्याला दिवस आणि रात्र एवढाच फरक कळत असावा. मास्तरांनी शूचनची भरतकामाची कात्री आणली आणि त्याचे केस कापले. मग त्यांनी एका पुस्तिकेत वाचलं की या जातीच्या मागच्या बाजूलाही लोकर फार असते आणि तिथेही कात्री फिरवल्याशिवाय संसार फळत नाही. चौतीस वर्षं मुलांना विषुववृत्त शिकवलेल्या माणसाने भर दुपारी गच्चीवर कोंबडीला उलटी धरून तिच्या शेपटीखालची हजामत करणं, आणि त्याच वेळी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी चादरी काढायला वर येणं, यात मास्तरांच्या प्रतिष्ठेचं जे व्हायचं ते झालं. बाई ओल्या चादरी तशाच घेऊन खाली गेल्या.

पण दुसऱ्या खेपेला अकरा पिल्लं निघाली. पिवळसर कापसाच्या अकरा बोंडांकडे मास्तर जवळजवळ तासभर नुसते बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा दिनदर्शिका मोजली. वीस आठवडे उरले होते. अजूनही बसत होतं.

पिल्लांना पहिल्याच दिवशी लकव्याची लस द्यावी लागते असं पुस्तिकेत होतं, म्हणून मास्तर जनावरांच्या कचेरीत धावले. खिडकीत एक चष्मेवाली बाई बसली होती. तिने सांगितलं की लसीची बाटली हजार पिल्लांची येते, फोडली की दोन तासांत संपवावी लागते, तुमची पिल्लं किती? मास्तरांनी अकरा सांगितल्यावर तिने चष्मा पुसला आणि उरलेली नऊशे एकोणनव्वद कुठे आहेत असं विचारलं. ती थट्टा नव्हती, अर्जात तसा रकानाच होता. मास्तर दोन दिवस तालुक्यातल्या कोंबडीवाल्यांचे उंबरठे झिजवत हिंडले. कोणाकडे त्या आठवड्यात पिल्लं निघत नव्हती, आणि ज्यांच्याकडे निघत होती त्यांना मास्तरांची अकरा आपल्या हजारांत मिसळून घ्यायची नव्हती. लस राहिली ती राहिलीच. पुढे दोन महिन्यांनी तीन पिल्लं एकामागोमाग एक पाय लुळे पडून, एक पुढे एक मागे टाकून बसली आणि गेली. मास्तर तेव्हा दोन दिवस नीट जेवले नाहीत. कोणी विचारलं तर पोट बिघडलंय म्हणायचे.

त्याआधी एक पिल्लू पाण्याने गेलं होतं. या लोकरीवरून पाणी ओघळत नाही, ती टॉवेलासारखी भिजते. झू आजींची कपड्यांची बादली कलंडली आणि सगळं पाणी खुराड्यात शिरलं. मास्तरांनी शूचनचं केस वाळवायचं यंत्र वर नेलं आणि अकरा पिल्लं ओळीने वाळवली, दहा वाचली. झू आजींनी माफी मागितली आणि त्याच दमात मुळ्याच्या फोडींवर उडालेल्या पिसांची तक्रारही केली. त्या न्यायाने वागणाऱ्या बाई होत्या.

मास्तरांनी पिल्लांना नावं दिली नव्हती. सुपात जायच्या जीवाला नाव देऊ नये एवढी अक्कल त्यांना होती. पण मास्तर ते मास्तर. त्यांनी उरलेल्या सातांपैकी प्रत्येकीच्या पायात रंगीत दोरा बांधून हजेरी क्रमांक दिले आणि सकाळ-संध्याकाळ हजेरी घेऊ लागले. त्यात चार नंबरची मान एके दिवशी वाकडी झाली. आधी तिरकी, मग उलटी, मग डोकं पार पायांच्या मधे. बिचारी उलटं चालून भिंतीवर आपटायची. पंग काकांनी सुया टोचायचं सुचवलं आणि त्या सुया आणल्याही, पण कोंबडीच्या मानेचे बिंदू त्यांना माणसाच्या तक्त्यावरून काढावे लागत होते आणि त्यांचं बोट फिरूनफिरून गुडघ्यावर येत होतं. मास्तरांनी त्यांना चहा पाजून खाली पाठवलं आणि पुस्तिका उघडली. मान वाकडी होते ती जीवनसत्त्वाच्या कमतरतेने, असं तिथे होतं. ते जीवनसत्त्व शूचनच्या चेहऱ्याला लावायच्या गोळ्यांत होतं.

"कात्री गेली, यंत्र गेलं, आता तोंडही गेलं," शूचन म्हणाली. "आरसा तेवढा राहू द्या. तुम्ही काय होऊन बसलाय ते बघायला लागेल." पण गोळ्यांची बाटली तिने स्वतःच गच्चीवर आणून दिली.

नऊ दिवस मास्तरांनी चार नंबरला मांडीवर घेतलं. दिवसातून पाच वेळा एका हाताने मान सरळ धरायची आणि दुसऱ्या हाताने गोळी फोडून थेंब, मग भिजवलेला दाणा, मग पाणी. दहाव्या दिवशी तिने मान आपली आपण उचलली आणि मास्तरांच्या बोटाला कडकडून चोच मारली. मास्तरांनी ते बोट खाली जाऊन तिन्ही मजल्यांवर दाखवलं.

याच सुमाराला वसाहत समितीची नोटीस आली: राहत्या इमारतीत कोंबड्या पाळता येत नाहीत. मास्तरांनी उत्तर दिलं की या कोंबड्या नसून औषध आहे, बायकांच्या कितीतरी काढ्यांत आणि गोळ्यांत हीच कोंबडी पडते. समितीने कळवलं की औषध असेल तर औषधविक्रीचा परवाना दाखवा. मास्तरांनी कळवलं की विक्री नाही, घरगुती वापर आहे. असा पत्रव्यवहार पाच फेऱ्या चालला. शेवटी समितीच्या बाई स्वतः गच्चीवर आल्या, बाळंतपणासाठी आहेत हे ऐकून मऊ पडल्या आणि म्हणाल्या की बाळ होईपर्यंत आम्ही पाहिलं नाही असं समजू. तसा कागदही त्यांनी दिला, 'सदर गच्चीवर तपासणीअंती एकही कोंबडी आढळली नाही', शिक्क्यासकट. कागदावर उभं राहून तीन नंबरने शिक्का वाळायच्या आत त्यावर पाय उमटवला.

पिल्लांच्या अठराव्या आठवड्यात आणखी एक घाव बसला. या जातीत कोंबडा कोण आणि कोंबडी कोण, हे चार-साडेचार महिने भल्याभल्यांना कळत नाही. झू आजींनी सातही कोंबड्याच असल्याचं छातीठोक सांगितलं होतं, पंग काकांनी नाडी पाहून सांगितलं होतं. एका सकाळी हजेरी चालू असताना एक नंबरने मान ताणली आणि तो आरवला. दुसऱ्या दिवशी तीन आणि पाच, मग सहा, आणि आठवड्याअखेर दोन. बाळंतिणीला सुरुवातीला कोंबडीच लागते, कोंबडा उष्ण पडतो. सातांतल्या दोन उरल्या, चार नंबर आणि सात नंबर.

शूचन म्हणाली, "खेड्यातून आणलेल्या दोघी आहेत की. चांगल्या जाड आहेत. कोण विचारतंय?"

"त्या विकतच्या," मास्तर म्हणाले.

पण त्या आठवड्यात मास्तरांना एक विद्या आली. कोंबड्याच्या टोपातले केस मागे वळतात, जोरात वारा सुटल्यासारखे, आणि कोंबडीचा टोप गोल राहतो. पाच वेळा फसून शिकलेला धडा कोणी विसरत नाही.

ताइहेकडे मूल झालं की जावई सासुरवाडीला पक्षी घेऊन बातमी द्यायला येतो, मुलगा असेल तर कोंबडा, मुलगी असेल तर कोंबडी. मास्तरांनी बजावून ठेवलं होतं की फोनवर सांगायचं नाही, रीतीने यायचं. त्याप्रमाणे एका दुपारी जावई येन हाओ घामाघूम होऊन जिना चढून आला. त्याच्या काखेत लाल कागद बांधलेला पांढरा रेशमी पक्षी होता. बसमध्ये जिवंत पक्षी घेत नाहीत, म्हणून त्याने तो ताइहेच्या थांब्यावर उतरूनच विकत घेतला होता. सगळी वसाहत दारात जमली. मास्तरांनी पक्ष्याच्या टोपाकडे एकदा पाहिलं आणि जाहीर केलं, "मुलगा झाला."

पंग काकांनी तयार ठेवलेली फटाक्यांची माळ लावली. झू आजींनी नातवासाठी मोठ्याने आशीर्वाद सुरू केले. येन हाओ हात हलवून काही सांगत होता, पण माळ मोठी होती आणि संपेपर्यंत कोणाला काही ऐकू आलं नाही.

"बाबा, मुलगी झाली," धूर खाली बसल्यावर तो म्हणाला. "साडेसहा पौंडांची. दोघी छान आहेत. ही कोंबडी आहे."

"मुलगी झाली, फार चांगलं झालं," मास्तर म्हणाले. "पण हा कोंबडा आहे."

"विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं बाबा."

"त्याची शपथ त्याच्यापाशी. माझ्याकडे असे पाच झालेत."

पक्षी दोन्ही बाजूंकडे पाहत राहिला आणि मग त्याने जी बांग दिली ती तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली. येन हाओचा चेहरा पडला. मास्तरांनी त्याला मिठी मारली, कारण सहा महिन्यांत त्यांचं बरोबर आलेलं हे पहिलंच निदान होतं, आणि शिवाय ते आजोबा झाले होते. झू आजींनी सगळे आशीर्वाद नातीच्या नावावर पुन्हा म्हटले, एकही न गाळता.

आता दोन कोंबड्या जीआनला पोचवायच्या होत्या. जिवंत पक्षी शहरात न्यायला निरोगी असल्याचा दाखला लागतो, म्हणून मास्तर पुन्हा त्याच खिडकीत गेले. चष्मेवाल्या बाईने कोंबड्या जिथे आहेत तिथला समितीचा कागद मागितला. मास्तरांनी तो दिला. बाईने दोनदा वाचला.

"यात तर एकही कोंबडी नाही असं लिहिलंय. शिक्का आहे."

"ती समितीची सोय होती. कोंबड्या आहेत."

"मास्तर, मी नसलेल्या कोंबडीची तब्येत कशी लिहून देऊ?" तिने कागद परत केला. मग त्यांचा चेहरा बघून तिला काय वाटलं कोण जाणे, ती खिडकीतून पुढे वाकली. "बाळंतिणीसाठी ना? सूप करून न्या. सुपाला दाखला लागत नाही."

मास्तर चालतच घरी आले. करून न्यायचं म्हणजे कापायचं. आजवर घरात कोंबडी आली ती बाजारवाल्याने साफ केलेली. पंग काका तयार होते, झू आजी तर बाह्या सरसावून वर आल्या होत्या. मास्तर म्हणाले, माझ्या हातची म्हटलंय. शूचनने सात नंबर पकडून आणली. ती किरकोळ होती, एक पंख पडका होता. मास्तरांनी पाहिलं आणि ती सोडून द्यायला सांगितलं.

"पहिलं सूप आहे. चांगली असेल तीच जाईल." त्यांनी चार नंबरला उचललं. ती आता सगळ्यांत भरदार होती आणि उचलल्यावर सवयीने त्यांच्या मांडीवरच बसली. जी मान त्यांनी नऊ दिवस सरळ धरली होती तीच मान त्यांनी पुन्हा एकदा सरळ धरली. त्यांना फार वाईट वाटलं. पण हात थांबला नाही.

मातीच्या हंडीत आलं घालून मंद आचेवर सूप चार तास होत होतं. हंडी दुलईच्या तुकड्यात बांधून मास्तर बसमध्ये बसले. शेजारच्या माणसाने काय आहे म्हणून विचारलं. मास्तर नुसतं "आहे" म्हणाले आणि तासभर त्यांनी हंडीवरचा हात काढला नाही, वळणावर तर दोन्ही हात आणि हनुवटी.

दार विहीणबाईंनी उघडलं. त्यांनी मास्तरांना आत घेतलं, हंडी ओट्यावर ठेवली, झाकण काढलं, पळीने पाय वर आणला आणि बोटं मोजली. पाच होती. दुसरा पायही आणून मोजला. मग हाड पाहिलं, कातडी पाहिली, चमचाभर चाखलं.

"मीठ नाही ना घातलं?"

"बाळंतिणीला मीठ कसं घालीन?"

"हं," तान बाई म्हणाल्या आणि त्यांनी घरातला सगळ्यांत मोठा वाडगा काढला.

वानछिंग डोक्याला रुमाल बांधून पलंगावर बसली होती. शेजारी दुपट्यात एवढंसं लाल तोंड झोपलेलं होतं. मास्तरांनी नातीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि वाडगा पुढे केला. तिने एक घोट घेतला आणि थांबली. मग सलग प्यायला लागली. दुसरा वाडगाही प्यायली. तिसऱ्यात हंडीचा तळ लागला. मास्तर खिडकीपाशी हंडीचं झाकण हातात घेऊन उभे होते, ते कुठे ठेवायचं हे त्यांना सुचत नव्हतं.

"अंड्यापासून?" तिने विचारलं.

"अंड्यापासून. आधीची सोळा वाया गेली. मग अकरा. त्यातली..." त्यांना पुढची हजेरी सांगता येईना. "अजून एक आहे. पुढच्या आठवड्यात घेऊन येतो."

वानछिंगने रिकामा वाडगा मांडीवर ठेवला आणि त्यात बघत म्हणाली, "बाबा, तुम्ही पूर्ण केलंत." आणि तिचे डोळे भरून आले.

चुलीवर काही करपत असावं तशा तान बाई धावल्या. "रडायचं नाही. महिना होईपर्यंत बाळंतीण रडली की डोळे जन्माचे जातात." त्यांनी सुनेचे डोळे फडक्याने कोरडे केले, वाडगा काढून घेतला आणि मागे वळून पाहिलं. खिडकीपाशी मास्तरांची हनुवटी हलत होती. तान बाईंनी त्यांच्या हातातलं झाकण घेतलं आणि एक खुर्ची पुढे सरकवली.

"तुम्हाला चालतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठे बाळंत झालाय. बसा."

क्वांग मास्तर बसले, आणि मुलीच्या वाटणीचंही त्यांनाच रडायचं असल्यामुळे ते कामही त्यांनी अर्धवट सोडलं नाही.